येथे दात काढून मिळत नाहीत

आमच्या डॉक्टरांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते उकिडवे बसून फरशीवर लिंबू पिळत होते. अंगात पांढरा कोट, गळ्यात टाय, आणि समोर एक पटकेवाला म्हातारा, तोही उकिडवा. "नीट कान लावा," डॉक्टर म्हणाले. म्हाताऱ्यानं खरंच कान फरशीला लावला. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस बारीक आवाज करत फसफसत होता.

"ऐकलं? ही फरशी म्हणजे तुमची दाढ. अन् हे लिंबू म्हणजे तुमचा गुळाचा चहा."

म्हातारा उठून बसला, पटका सारखा केला आणि म्हणाला, "पर मी लिंबू खातच न्हाई, डाक्टर."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दवाखाना लातूरला, गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेमागच्या एका बोळात, माडीवर. जिना इतका उभा की दात दुखणारा माणूस वर पोचेपर्यंत गुडघेही दुखायला लागत. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती. डॉक्टरांचं नाव, पदवी, आणि खाली लाल रंगात, नावापेक्षा मोठ्या अक्षरांत : येथे दात काढून मिळत नाहीत. आता मला सांगा, त्या काळी लातुरात दातांच्या डॉक्टरकडं माणूस जायचा कशाला? दात उपटायलाच. त्यामुळं निम्मे पेशंट पाटी वाचून खालूनच परत फिरत. उरलेल्या निम्म्यांना वाचता येत नसे, म्हणून हे दुकान चालत होतं, असं माझं मत आहे.

खरं म्हणजे ते दात काढत. पण आधी तंडत. दाढेची पार माती झालेली असली तरी हे आरसा घालून, टोचून, वास घेऊन, "हिचं मूळ शाबूत आहे, हिला जगायचंय," असं दाढेच्या वतीनं सांगत. पेशंट कळवळून म्हणे, "साहेब, मलाबी जगायचंय!"

ते दिवस नव्या जिल्ह्याचे होते. लातूर उस्मानाबादेतून सुटून आपल्या पायावर उभं राहिलं होतं. जिकडं तिकडं पाट्या पुसून 'जि. लातूर' लिहिणं चाललं होतं. रंगाऱ्यांची चंगळ होती. डॉक्टरांच्या पाटीवर मात्र 'जि. उस्मानाबाद' तसंच राहिलं. कुणी म्हटलं, तर म्हणत, "जिल्हा बदलला म्हणून कुणाची दाढ बदलली का? बदलली की पाटी बदलतो." नव्या जिल्ह्यावर त्यांचा भारी राग. नवी कचेरी आली, साहेब आले, बाबू आले, आणि प्रत्येक कचेरीच्या फाटकाशी चहाचं हॉटेल आलं. नळाला पाणी नाही, विहिरी कोरड्या, तळी फुटलेल्या कातड्यासारखी, पण चहा मात्र सकाळपासून दिवे लागेपर्यंत उकळतोय. "पाण्याचा दुष्काळ आहे, साखरेचा कुठंय?" ते ओरडत. "एकदा काय तो तांब्याभर चहा ढोसा ना, अन् विषय संपवा! घोट घोट, घोट घोट, दिवसभर! अरे, त्या बिचाऱ्या गवंड्याला श्वास तरी घेऊ द्या!"

गवंडी म्हणजे लाळ. हे त्यांचं सगळ्यात लाडकं प्रवचन. मी पुढं डी.एड.ला लातुरात राहिले तेव्हा ते इतक्यांदा ऐकलं की आज झोपेतही म्हणेन. ते सांगत, प्रत्येकाच्या तोंडात जंतू राहतात, भाडं न देता. तुम्ही गोड खाल्लं की ते खातात, आणि खाऊन झालं की आंबट सोडतात. ते आंबट दाताच्या वरच्या चकचकीत थरातलं, म्हणजे इनॅमलमधलं, खनिज विरघळवतं. मग लाळ येते. ती आंबट धुऊन काढते, आणि स्वतःतलं खनिज घेऊन पडलेल्या जागी लिंपायला बसते. "अर्ध्याएक तासात आंबट उतरतं," डॉक्टर म्हणत, "मग माझा गवंडी थापी घेऊन निघतो. एवढ्यात तुमचा पुढचा चहा! बसला बिचारा थापी खाली ठेवून." दातावर पहिल्यांदा खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग पडतो. तोवर काही बिघडलेलं नसतं. खाणं आवरा, रोज नीट घासा, थोडं फ्लोराइड लागू द्या, तो डाग बसतो, पुन्हा घट्ट होतो. पण एकदा भोक पडलं की गवंडी हात टेकतो. भोक काही भरून येत नाही, ते डॉक्टरलाच बुजवावं लागतं.

"पांढरा डाग असतानाच माझ्याकडं या," ते म्हणत. आता दुखत नसताना दाताच्या डॉक्टरकडं जाणारा माणूस लातूरला तर सोडाच, पार मुंबईलाही नसेल. पण त्यांना हे मान्यच नव्हतं. लग्नाच्या पंगतीत ते शेजारच्या पोराला "आ कर" म्हणत. त्याच्या दाढेवर पांढरा डाग दिसला की बुंदीचा घास हातात तसाच धरून नाचायला लागत : "वेळेत! एकदम वेळेत!" पोराची आई घाबरून पोराला उचलून दुसऱ्या पंगतीत नेई.

ते मूळचे नांदेडचे, बोलण्यात दक्खनी उर्दूचा भरणा. चिडले की "खामोश!" आणि खूश झाले की "क्या बात है!" या दोन्हींच्या मध्ये त्यांना काही येतच नसे.

आता माझं सांगते.

आमचं गाव रेणापूरकडं. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, किराणा दुकान आणि थोडी शेती. कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसले की गावात त्यांच्या शब्दाला मान. कारण दुकान नव्हे. कारण आमचं बोअर. मी पाळण्यात होते तेव्हा दुष्काळ पडला. सगळ्या विहिरी आटल्या, आणि आप्पांनी दारापुढं बोअर पाडलं. लई खोल गेले, लोक हसले, आणि पाणी लागलं. वर हातपंप बसवला आणि सगळ्या गावाला मोकळा करून दिला. जात विचारली नाही, पैसा घेतला नाही. गाव त्या पाण्यावर जगलं, ही गोष्ट खरी. आप्पा पाहुण्यांना देव दाखवावा तसा तो पंप दाखवत.

आणि माझे दात तपकिरी होते. पुढचे चारही. मधोमध तंबाखूच्या पाण्यासारखे पट्टे, कडेला खडूचे ठिपके. माझेच नव्हे, माझ्या बरोबरीच्या आणि मागच्या सगळ्या पोरापोरींचे. थोरल्यांचे मात्र पांढरे. गावानं आपापल्या सोयीनं कारणं काढली. आमच्या घरात कारण होतं अव्वाचं माहेर. "उदगीरची कीड हाय ही," आप्पा म्हणत, आणि अव्वा, माझी आई, भाकरी जरा जोरात थापे. आजूबाजूला आमच्या गावच्या पोरी किडक्या दातांच्या म्हणून प्रसिद्ध झाल्या. मी हसताना तोंडावर पदर धरायला शिकले. पदर नव्हता तेव्हा ओढणी, ओढणी नव्हती तेव्हा वही.

बारावी झाली, स्थळं आली. आली तशी गेली. तेव्हा आप्पांनी ठरवलं आणि मला घेऊन लातूरला आले. पाटी त्यांनी वाचली. "आपल्याला काय करायचंय, पैसे देतोय की," म्हणाले आणि जिना चढले.

म्हातारा लिंबू समजून घेऊन गेल्यावर आमचा नंबर आला. आप्पा म्हणाले, "डाक्टर, पोरीचे समदे दात किडलेत. वरचे समदे काढा. पांढरीफेक कवळी बसवा. रविवारी पाव्हणे यायलेत."

"ह्या रविवारी?" डॉक्टर म्हणाले. "वा! जखम भरायला महिने लागतात. रविवारी ही रक्त थुंकत चहा देईल पाव्हण्यांना."

"मग पुढच्या रविवारी बोलावतो."

डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं. मी तोंड उघडेना. "पदर सोड," ते म्हणाले, "मी पाव्हणा न्हाई." मी तोंड उघडलं. त्यांनी आरसा घातला, टोकदार सळई घातली, एकेक दात टोचत गेले. सळई कुठंच रुतेना. त्यांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं, झालं, काहीतरी भयंकर निघालं. आणि ते ओरडले, "क्या बात है! या, या, सगळे या!"

बाहेर बसलेले पेशंट आत आले. गालाला फडकं बांधलेली एक बाई, एक पेन्शनीत निघालेले कारकून, आणखी कोण कोण. सगळे माझ्या तोंडात वाकले. "बघून घ्या!" डॉक्टर सांगत होते. "कीड शोधा! एक शोधून दाखवा! असला दात तुम्हाला लातुरात बघायला मिळायचा न्हाई!" मी लाजेनं मरत होते. पण खोटं कशाला बोलू, आतून कुठंतरी बरंही वाटत होतं. माझ्या तोंडाला बघून कुणी खूश झालंय, ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

"मग हे काळं काय हाय?" आप्पा म्हणाले.

"पाणी कुठलं पिता?"

आप्पा ताठ झाले. बोअरची सगळी कहाणी सांगितली, दुष्काळ, खोली, लोकांचं हसणं. डॉक्टर शेवटपर्यंत ऐकत राहिले, हे त्यांच्या बाबतीत नवलच. मग म्हणाले, "आप्पा, खोल पाण्यात फ्लोराइड असतं. जरा असलं की दात मजबूत होतो, त्याची कीड थांबते. लई असलं, अन् हिरडीच्या आत दात तयार होत असताना पोटात गेलं, की दात असा डागाळूनच बाहेर येतो. मीठ चिमूटभर घातलं तर भाजी, मूठभर घातलं तर फेकून द्यायची. हिची कीड न्हाई. तुम्ही थोरले, तुमचे दात आधीच आलेले, म्हणून पांढरे राहिले. हे दात तुमच्या बोअरनं रंगवलेत."

आप्पांचं तोंड पार उतरलं. मग रागानं लाल झालं. "माझ्या पाण्याला नाव ठेवायचं न्हाई, डाक्टर. गाव जगलंय त्याच्यावर. कीडच हाय ही. काढता का न्हाई तेवढं सांगा."

तेव्हा मला कळलं, आप्पांना कीडच हवी होती. कीड असली तर ती उदगीरची. नसली तर ती आमच्या दारातली.

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. त्यांनी आपल्या तोंडात दोन बोटं घातली आणि वरची कवळी काढून टेबलावर ठेवली. मग खालची. गाल आत गेले, नाक हनुवटीला टेकायला आलं, आणि तो कोट-टायवाला रुबाबदार माणूस क्षणात शंभर वर्षांचा झाला. फडकं बांधलेली बाई "अगं माय गं!" म्हणून भिंतीला लागली. डॉक्टर त्या बोळक्यानं म्हणाले, फसफस आवाजात, पण सगळ्यांना कळलं : "आजी मला रडलो की खडीशाखर द्यायची. विशीत शगळे गेले. आप्पा, ऊश खाऊन किती वरशं झाली, ठाऊकै? नवरी अशी पायजे का?"

आणि मला म्हणाले, "दात तुझे. तू शांग."

मी तोंडावर पदर ओढला. आप्पांनी माझा हात धरला. दारात थांबून म्हणाले, "रविवारी जमलं तर ठीक. न्हाई जमलं तर नांदेडला नेतो अन् समदे काढून आणतो. तिथं काय पाट्या नसत्यात."

"रविवारी किती वाजता?" डॉक्टरांनी कवळी बसवत विचारलं. आप्पा माझा हात सोडून तरातरा जिना उतरले. पण वेळ मी सांगितली, गावासकट. का सांगितली, कुणास ठाऊक.

डॉक्टर आता नाहीत. शेवटी नांदेडला लेकीकडं जाऊन राहिले. एकदा भेटायला गेले होते. पलंगावर पडलेले, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. मी पाया पडले, तर खुशाली नाही, काही नाही, म्हणाले, "आ कर." अंगठ्यानं माझे पुढचे दात चाचपले. डी.एड.च्या दिवसांत त्यांनीच ते हळूहळू घासून, औषध लावून बरेच फिके करून दिले होते. डाग पार गेले नाहीत. "पार घालवायला गेलो तर इनॅमलच जाईल," म्हणत, "तेवढं राहू दे." लेकीनं चहा आणला, तर तिच्यावर खेकसले, की साखर वेगळी दे, हिला गरज नाही. मला त्या माणसाचा राग यायचा, हसू यायचं, आणि माया तर इतकी वाटायची की विचारू नका.

तर तो रविवार.

पाव्हणे आले. मुलगा नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बाबू. बरोबर त्याची आई, जाडजूड, गळ्यात बोरमाळ. मी चहा घेऊन आले, बसले, नाव सांगितलं, जमेल तितक्या मिटल्या तोंडानं. सगळं बरं चाललं होतं. आणि दाराशी स्कूटर फडफडली. कोट, टाय, सगळं अंग धुळीनं पांढरं. "मी मुलीचा दातांचा डॉक्टर," म्हणून ते सतरंजीवर पाव्हण्यांच्या रांगेत बसले आणि पोह्यांच्या बशीकडं बघू लागले. आप्पांना घाम फुटला.

मुलाच्या आईनं विचारलं, "दाताचा डाक्टर कशाला?" आणि उठून सरळ माझ्याजवळ आली, अंगठ्यानं माझा वरचा ओठ उचलला. आत अव्वाच्या हातातलं ताट वाजलं. बाई बघत राहिली. मग हात पुसत म्हणाली, "पोरगी चांगली हाय. रंगानं उजळ हाय, शिकलेली हाय. दात तेवढे किडलेत. पुढचे काढून कवळी बसवा, मग आमची ना न्हाई."

हेच तर आप्पांना हवं होतं. जमलं होतं! मी आप्पांकडं बघितलं, ते जमिनीकडं बघत होते.

डॉक्टर पोहे खाली ठेवून म्हणाले, "ठीक. मुलाकडच्यांनी बघितलं. आता मुलीकडचे बघतील." आणि खिशातून आरसा काढला. "बाबूसाहेब, आ करा."

"म्हंजे?" मुलाची आई.

"बैल घेताना दात बघता की न्हाई? मग जावई घेताना काय झालं?"

त्या बिचाऱ्याला कचेरीत साहेब सांगेल ते करायची सवय. त्यानं तोंड उघडलं. डॉक्टरांनी आत डोकावून शीळ घातली. "अरे भई! खालच्या दोन्हीकडच्या दाढा पोकळ. दिवसाला किती चहा होतो कचेरीत?" "आऽआऽ," तो म्हणाला. "रात्री ठणकतं ना? कुणाला सांगितलं न्हाई ना?" त्यानं उघड्या तोंडानंच मान हलवली, डोळ्यांत पाणी आणून. आणि मला हसू फुटलं. पदर, हात, काही मध्ये आलं नाही. खो खो हसले, सगळे तपकिरी दात दाखवून.

मुलाची आई तणतणत पुढं सरसावली. "काय थट्टा लावलीय ही? मुलीच्या बापानं सांगावं. दात काढणार का न्हाई?"

सगळे आप्पांकडं बघायला लागले. बाहेर पंपावर कुणीतरी पाणी हापसत होतं, त्याचा खडखडाट घरात येत होता. आप्पांनी मान वळवून दारातून पंपाकडं बघितलं.  

"न्हाई काढायचे," आप्पा म्हणाले.

"किडके ठेवणार?"

"कीड न्हाई ती." आप्पांनी पंपाकडं बोट केलं. "पाणी लागलंय."

पाव्हणे गेले. मुलगा जाताना डॉक्टरांना हळूच विचारून गेला की दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो. अव्वा आतून बाहेर आली, कंबरेवर हात ठेवून आप्पांसमोर उभी राहिली. "म्हंजे माझ्या माहेरची न्हाई ना?" आप्पा म्हणाले, "न्हाई." "बरं," अव्वा म्हणाली आणि डॉक्टरांना आणखी पोहे वाढले. खाताखाता डॉक्टरांनी आप्पांना एवढंच सांगितलं, की पंप बंद करू नका, दुष्काळात लोक मरतील. थोरल्यांच्या दातांचं आता काही बिघडत नाही. फक्त ज्या लेकरांचे पक्के दात अजून यायचेत, त्यांना टँकरचं पाणी द्या, गाळून, उकळून. आप्पा पाव्हण्यांच्या कपबशा गोळा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ मळत होते. बाहेर पंपावर नेहमीची रांग, घागरी, भांडणं. आप्पा दुकान न उघडता पंपापाशी उभे होते. प्रत्येकीला विचारत होते, "घरात बारकं लेकरू हाय का? मग त्याला हे पाणी देऊ नगा. टँकरचं द्या."

"टँकरचं गढूळ असतंय, आप्पा," एक बाई म्हणाली. "तुमीच तर सांगत आलाव, अमृत हाय म्हणून. आज काय येड लागलं का?" बाकीच्या हसल्या. कुणी घागर बाजूला घेईना.

 आप्पांनी पंपाच्या दांड्यावर हात ठेवला. मग घराकडं वळून त्यांनी हाक मारली, "माय, ये गं जरा हिकडं."

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले.

"तोंड उघड," आप्पा म्हणाले. "दाखव ह्यांना."

भर रस्त्यात, सगळ्या गावच्या बायांपुढं मी तोंड उघडलं. आप्पांनी माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडं केलं. 

"नीट बघा," ते म्हणाले. "कीड एक बी न्हाई. हे माझ्या पाण्यानं केलंय."